औषध तेच, माणूस वेगळा

(आपल्या १९७९ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेली काही वाक्यं इथे जोडली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'साठीनंतरचं आरोग्य'. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की या विषयावर आपल्यातला प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकेल. सकाळी नाश्त्याच्या वेळी पोह्यांची चव कशी आहे हे कोणी बोललं नाही. शुगर, गुडघे आणि बायपास एवढंच ऐकू येत होतं. म्हणून मी विषय जरा लहान करून घेतला आहे. आजार एकच, औषध एकच, तरी एक माणूस सहा महिन्यांत उठून कामाला लागतो आणि दुसरा वर्षभर अंथरुणाला खिळून राहतो. असं का होतं? आणि त्या दुसऱ्या माणसाला आपण काय बोलतो?

बायोकेमिस्ट्रीची शिक्षिका म्हणून या प्रश्नाचा पहिला भाग मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर शिकवला. दुसरा भाग मला शिकवला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने. ती आज इथे बसली आहे. तिला विचारूनच बोलते आहे. तिची अट एकच, नाव घ्यायचं नाही. तुमच्यातले काही जण ओळखतील, पण कृपा करून मागे वळून बघू नका.

१९८७ साली तिला टीबी झाला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी पुण्यात एम.एस्सी. करून नुकतीच नोकरीला लागले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशा वयात होते. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरात उलट्या, अन्नाचा वास नको, लघवीचा रंग काळ्या चहासारखा, आणि मग डोळे पिवळे. औषध थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. सासरचे म्हणाले, शेजारचा मुलगा याच गोळ्यांनी खडखडीत बरा झाला, हिलाच कसं काही मानवत नाही? हिची नाटकं आहेत. तिला माहेरी आणून सोडलं.

तिने मला चार पानांचं पत्र लिहिलं. मी उत्तर पाठवलं पोस्टकार्डावर. 'गोळ्या चुकवू नकोस. मनावर घे. बरं व्हायचं ठरवलं की माणूस बरा होतो.' एवढंच. पोस्टकार्ड असल्यामुळे ते घरातल्या सगळ्यांनी वाचलं. ते कार्ड सासरपर्यंतही गेलं. 'बघा, तिची शिकलेली मैत्रीणसुद्धा हेच म्हणते,' असं म्हणायला त्यांना माझी सही मिळाली. खरी गोष्ट अशी, की तिने एकही गोळी स्वतःहून चुकवली नव्हती. ती बरी व्हायला दीड वर्ष लागलं. त्यानंतर तिने मला कित्येक वर्षं पत्र लिहिलं नाही.

आता थोडा वर्ग घेते. सर, तुम्हाला आठवत असेल, आठवीत तुम्ही तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवले होते. एका नळीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, तिसरी कोरडी. आठवड्याने पहिल्या नळीतला खिळा तेवढा गंजला. खिळा तोच, परिस्थिती वेगळी. माणसांच्या बाबतीत उलटंही घडतं. परिस्थिती तीच असते, खिळाच वेगळा असतो.

आपल्या प्रत्येक पेशीत सतत ऑक्सिजन खर्च होतो. त्यातून नासधूस करणारे, दिसेल त्याला जाऊन भिडणारे रेणू तयार होतात. यकृतात औषधं मोडली जातात तेव्हाही असेच काही रेणू निघतात. हा सगळा राडा आवरायला शरीराने एक छोटा रेणू ठेवला आहे, ग्लुटाथायोन. १८८८ मध्ये द रे-पायाद या फ्रेंच संशोधकाला तो यीस्टमध्ये सापडला. १९२१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक हॉपकिन्सने त्याला आजचं नाव दिलं. तो दोन अमिनो आम्लांचा बनलेला आहे असं हॉपकिन्सचं मत होतं. १९२९ मध्ये त्याने स्वतःची चूक दुरुस्त केली आणि ती तीन आहेत असं मान्य केलं. त्याच वर्षी त्याला जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारा माणूस आपली चूक छापून दुरुस्त करतो, मग मला इथे उभं राहून पोस्टकार्डाची चूक दुरुस्त करायला लाज कसली?

ग्लुटाथायोन म्हणजे आपल्या वर्गातलं डस्टर समजा. ते तीन गोष्टींनी बनतं: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन. यातलं सिस्टीन नेहमी कमी पडतं, त्यामुळे किती डस्टर तयार होणार ते बरंचसं त्यावर ठरतं. बनवण्याची दोन टप्प्यांची कामं दोन एन्झाइम करतात. डस्टरने फळा पुसला की ते खडूने भरतं. मग कोणीतरी बाहेर जाऊन ते झटकून आणावं लागतं. आठवतं ना, झटकायची पाळी आली की आपण मुद्दाम दहा मिनिटं बाहेर राहायचो? पेशीतही हे झटकण्याचं काम वेगळी यंत्रणा करते. आणि काही वेळा असं होतं, की विषारी कचरा डस्टरला चिकटतो आणि डस्टरसकट बाहेर फेकला जातो. मग नवं डस्टर बनवण्याशिवाय इलाज नसतो.

बनवणं, झटकणं, कचरा चिकटवणं, ही तीन कामं. प्रत्येक कामामागे जनुकं आहेत, आणि ती जनुकं आपल्या सगळ्यांत सारखी नाहीत.

पहिलं, बनवणं. दुसऱ्या टप्प्याच्या एन्झाइमचं जनुक आईवडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर बाळाला जन्मापासून त्रास होतो. रक्तातल्या लाल पेशी फुटतात, रक्तात आम्ल साठतं. हा आजार फार दुर्मीळ आहे. पहिल्या टप्प्याच्या जनुकात मात्र लहानसहान फरक अनेकांत असतात. जीसीएलसी नावाच्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा कोणात सात वेळा, कोणात आठ, कोणात नऊ वेळा येतो. त्यातल्या काही जोड्या असलेल्यांच्या पेशी ताण आला की ग्लुटाथायोन कमी बनवतात, असं २००७ मध्ये स्कित्झोफ्रेनियाच्या स्विस आणि डॅनिश रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. याचा अर्थ त्या जोडीमुळे आजार होतोच असा नाही. पारडं थोडं झुकतं, एवढंच.

दुसरं, झटकणं. याची गोष्ट मलेरियाच्या औषधातून उलगडली. प्रायमाक्विन घेतल्यावर काही माणसांच्या लाल पेशी भराभर फुटायच्या. १९५६ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं, की या माणसांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. ग्लुटाथायोन असतं, पण ते झटकून पुन्हा वापरायला लागणारी ताकद कमी पडते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास जास्त करून पुरुषांना होतो. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आहे. इथे बसलेल्या आज्यांना एक सांगते. नातवंडांची दुपटी, झबली डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत ठेवू नका. हे एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळाला त्या गोळ्यांच्या वासानेही कावीळ होऊ शकते. आणि घरात कोणाला मलेरियासाठी प्रायमाक्विन देणार असतील, तर आधी ही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

तिसरं, कचरा चिकटवणं. हे काम करणाऱ्या एका एन्झाइमचं जीएसटीएम-वन हे जनुक कित्येक धडधाकट माणसांत मुळीच नसतं. पूर्ण गाळलेलं. तुमच्या-माझ्यात कोणाकोणात नसेल, आणि आपल्याला जन्मभर पत्ता लागणार नाही. कारण त्याच्या जोडीला दुसरी एन्झाइम असतात, ती काम उरकतात. फार भार पडला तरच उणीव जाणवते.

टीबीच्या औषधात असा भार पडतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते. त्यातलं आयसोनियाझिड शरीराबाहेर काढण्याचं काम मुख्यतः एनएटी-टू नावाचं जनुक बघतं. ते काहींचं जलद चालतं, काहींचं संथ. आपल्या देशात संथवाले भरपूर आहेत. संथवाल्यांना औषधाची कावीळ होण्याचा धोका जास्त असतो, याला चांगला पुरावा आहे. जीएसटीएम-वन नसल्याने धोका वाढतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. मी वर्गात हे सगळं अगदी नीट सांगायची. मुलं लिहून घ्यायची. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी कधीही ते पोस्टकार्ड आलं नाही.

ते आलं २०१८ मध्ये. मला टीबी झाला. मास्तरीण असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून वही घातली, तारीख, वेळ, गोळी. पाचव्या आठवड्यात जेवण जाईना. दोन दिवसांनी आरशात डोळे बघितले आणि मी पलंगावर बसूनच राहिले. तपासणीत यकृताची एन्झाइम कितीतरी पट वाढलेली. डॉक्टरांनी यकृताला त्रास देणारी सगळी औषधं त्याच दिवशी थांबवली. तीन आठवडे वाट बघितली. मग एकेक औषध थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू केलं, दर वेळी रक्त तपासून. पायराझिनामाइड कायमचं बंद झालं, त्यामुळे सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांवर गेला.

आणि मग मी तीच वाक्यं ऐकायला लागले. 'अहो, आमच्या ऑफिसातला एक जण तर कामावर येत होता.' 'तुम्ही फार विचार करता.' 'मन खंबीर ठेवा.' बोलणारी माणसं वाईट नव्हती. माझ्या काळजीनेच बोलत होती. पण माणूस अंथरुणावर पडलेला असताना 'मन खंबीर ठेव' याचा अर्थ त्याला 'दोष तुझा आहे' असाच ऐकू येतो. त्या रात्री मी एकतीस वर्षांपूर्वीचं माझं पोस्टकार्ड पहिल्यांदा वाचलं, म्हणजे मनातल्या मनात.

मी तिला फोन केला. नंबर आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, म्हणजे इतकी वर्षं फोन न करायला कारणच नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, 'डोळे पिवळे झालेत का?' आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून ती आली. पंधरा दिवस राहिली. मुगाचं वरण, मऊ भात, अंडं उकडून. मी नको म्हटलं की म्हणायची, 'दोन घास. एवढेच दोन.' गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करायची, आणि ती खूण करताना बाईंसारखं 'हजर?' असं विचारायची. मी 'हजर' म्हणायची.

याच काळात मी एक चूक केली, तीही सांगते. माझ्यातल्या शिक्षिकेला राहवेना, म्हणून मी एका खासगी लॅबकडून जनुकांची तपासणी करून घेतली. निकाल आला, एनएटी-टू संथ, जीएसटीएम-वन नाही. मला विलक्षण सुटल्यासारखं वाटलं. पण अहवालाच्या शेवटच्या पानावर सल्ला छापला होता, ग्लुटाथायोनच्या कॅप्सूल घ्या, शक्य तर शिरेतून इंजेक्शनं घ्या. किंमत अशी, की तेवढ्यात घरचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. आणि मी, जिने हा विषय अठ्ठावीस वर्षं शिकवला, ती मागणी नोंदवायला फोन हातात घेऊन बसले होते. आजारपणात माणूस असाच होतो. मैत्रिणीने विचारलं, 'हे खाल्लं तर ते नसलेलं जनुक येणार का?' मी म्हटलं, नाही. 'मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय कशाला घेतेस?' डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सध्या यकृताला आणखी काही नको.

त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आज देते. तोंडाने घेतलेलं ग्लुटाथायोन बरंचसं आतड्यातच मोडतं. इंजेक्शनं आपल्याकडे रंग उजळायला म्हणून विकली जातात. या वापराबद्दल फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच लोकांना सावध केलं होतं. मग ग्लुटाथायोन वाढवणं कधीच उपयोगी नाही का? आहे. पॅरासिटामॉलचा फार मोठा डोस पोटात गेला, तर यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि यकृत मरायला लागतं. तिथे सिस्टीन पुरवणारं एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो, १९७० च्या दशकापासून ते वापरात आहे. पण तिथे काय संपलंय आणि का, हे नेमकं माहीत असतं. इतर आजारांत 'ग्लुटाथायोन कमी दिसलं, म्हणून बाहेरून दिलं, म्हणून बरं झालं' अशी साखळी जुळत नाही. कुपोषणाने अंगावर सूज आलेल्या मुलांत ग्लुटाथायोन कमी असतं हे खरं. म्हणून मलावीमध्ये दोन हजारांहून जास्त लहान मुलांना एन-ॲसिटिलसिस्टीन, सेलेनियम आणि जीवनसत्त्वं देऊन बघितली. त्याचा निकाल २००५ मध्ये छापून आला. सूज टळली नाही.

आणि कशाने फरक पडतो? झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने टीबीच्या रुग्णांच्या घरी दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल पोचवलं. २०२३ मध्ये निकाल आला. ज्या घरांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, तिथल्या माणसांत नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झालं. रुग्णांपैकी ज्यांचं वजन सुरुवातीच्या महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. हे ग्लुटाथायोनमुळे झालं असं मी म्हणत नाही. पोटभर अन्न शरीराच्या शंभर कामांना पुरतं, त्यातलं एक हेही. डाळीत जी गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात ती भातात असतात, भातात जे कमी ते डाळीत असतं. आपल्या आयांनी वरणभात वाढताना हे शास्त्र म्हणून वाढलं नव्हतं, पण वाढलं.

आता माझ्या चार ओळी, वहीत लिहून घेण्यासारख्या.

एक. लांबलेल्या आजारात गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि त्रास होत असताना दामटूनही घेत राहू नका. अन्नावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका.

दोन. आपण आणखी काय काय घेतो ते सगळं सांगा. पॅरासिटामॉल, काढे, चूर्णं, आणि हो, संध्याकाळचा पेगसुद्धा. मागच्या रांगेतले हसले, त्यांना जास्त लागू आहे.

तीन. जनुकांचा अहवाल म्हणजे कुंडली नव्हे. माझ्यासारखीच जनुकं असलेले असंख्य लोक हीच औषधं घेऊन सहज बरे होतात. अहवालाने डॉक्टरांच्या निर्णयाला मदत होत असेल तर तपासणी करा. अहवालाच्या शेवटच्या पानावर दुकान असेल तर ते पान फाडा.

चार. आजारी माणसाला दुसऱ्या बऱ्या झालेल्या माणसाचं उदाहरण देऊ नका.

मैत्रिणीच्या जनुकांची तपासणी कधीच झाली नाही. १९८७ मध्ये तिचं यकृत नेमकं कशाने बिघडलं, ते आज कोणी सांगू शकणार नाही. तिला मी म्हटलं, आता तरी तपासून घेऊ, निदान तुझ्या सासरच्यांना दाखवता येईल. ती म्हणाली, 'ते सगळे गेले गं. आणि मला कागद कशाला हवा? मी गोळ्या चुकवल्या नव्हत्या हे मला माहीत होतंच. तुला माहीत नव्हतं.'

मी तिला विचारलं, ते पोस्टकार्ड अजून आहे का तुझ्याकडे? म्हणाली, 'छे, त्याच वर्षी बंबात घातलं. पाणी चांगलं तापलं होतं.'

तेव्हा आता जे बोलते ते कार्डावर नाही, सगळ्यांसमोर बोलते, कारण तेव्हाही ते सगळ्यांनी वाचलं होतं. तू गोळ्या चुकवल्या नव्हत्यास. मन लावून घेतल्या होत्यास. चूक माझी होती.

आपल्यातल्या किती तरी घरांत आज कोणी ना कोणी लांबलेल्या आजाराशी झुंजतो आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही. संध्याकाळी निघताना एकमेकांचे नंबर घेऊ, ते नुसते घेऊन ठेवू नका. फोन करा. आणि फोन केलात की 'मन खंबीर ठेव' असं म्हणू नका. 'आज काय जेवलास?' असं विचारा.

सर, बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात तेव्हा वाटायचं, हे रोज कशाला? आता कळतं, कोणीतरी रोज आपलं नाव घेतं आणि आपण 'हजर' म्हणतो, हे केवढं मोठं असतं.